ओढा तपासायला निघालात? आधी वरची जमीन बघा

दर हिवाळ्यात ओळखीतलं कोणी ना कोणी ऑनलाइन टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) मागवतं, पुलावरून दोरीनं बादली सोडून पाणी काढतं आणि आकड्याचा फोटो मला पाठवतं. खाली प्रश्न असतो, "४१२ आलाय. चांगलं की वाईट?" मी उलट विचारतो, की पुलाच्या वर काय आहे? सोसायट्या आहेत की शेत? त्या सोसायट्या नळाचं पाणी वापरतात की बोअरचं? किती वाजता मोजलंत? शेवटचा पाऊस कधी पडला होता? बहुतेकांकडे याची उत्तरं नसतात, आणि ती नसतील तर ४१२ हा फक्त एक आकडा राहतो.

हा लेख अशा नवख्या मंडळींसाठी आहे. उदाहरण म्हणून पुण्याची रामनदी घेतली आहे, कारण वीस किलोमीटरलाही जरा कमी पडेल एवढ्या लांबीत तिच्या काठी सगळं काही आहे: डोंगर, शेती, लग्नाची लॉन्स, नवे टॉवर, तलाव, जुनं गावठाण आणि शेवटी दाट शहर. नाशिकच्या नासर्डीवर किंवा कोल्हापूरच्या जयंती नाल्यावर जाणार असाल तर नावं बदला, पद्धत तीच.

पहिली पायरी: घरी बसून पाणलोट काढा

पहिल्या रविवारी ओढ्यावर जाऊच नका. गूगल अर्थ उघडा आणि ओढा उलट्या दिशेनं, संगमापासून उगमाकडे, बोटानं चालत जा. रामनदी औंधला मुळेला मिळते. तिथून मागे गेलात की बाणेर, सोमेश्वरवाडी, सुतारवाडी, पाषाण तलाव, बावधन, मग भूगाव, तिथला मानस तलाव, भुकूम आणि शेवटी खाटपेवाडीच्या बाजूचे डोंगर. आता डावी-उजवीकडच्या टेकड्यांच्या माथ्यावरून रेघ ओढा. या रेघेच्या आत पडलेला पावसाचा थेंब रामनदीत येणार, बाहेर पडलेला दुसरीकडे जाणार. हाच तुमचा पाणलोट.

रेघेच्या आत जमिनीचे ठोकळमानानं पाच-सहा तुकडे पाडा: डोंगर-गवत-झाडी, शेती आणि मोकळे प्लॉट, चालू बांधकामं, बंगले आणि सोसायट्या, दाट वस्ती, आणि धंदे (वॉशिंग सेंटर, तयार काँक्रीटचे आरएमसी प्लँट, गोठे, लॉन्स, हॉटेलं). वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिली घेऊन कागदावर केलंत तर उत्तम. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रंही दिसतात. वीस वर्षांपूर्वीची बावधन-भूगावची चित्रं आणि आजची शेजारी ठेवून बघा, पुढचा अर्धा लेख तुम्हाला आपोआप कळेल.

याच नकाशावर आणखी एक रेघ मारायची, हद्दीची. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली आणि २०२१ साली आणखी २३. भूगाव-भुकूम मात्र ग्रामपंचायतीखाली राहिली. पाण्याला हद्द ठाऊक नसते, पण ड्रेनेज लाइनला असते. घरं आधी होतात, गाव पालिकेत नंतर येतं, आणि मैलापाण्याची मोठी लाइन त्याच्याही नंतर. मधल्या वर्षांत पाणी कुठे जातं? उताराला जे असेल तिथे.

दुसरी पायरी: ओढ्यात वाहतंय ते कोणाचं पाणी, हे ठरवा

हे समजलं की बाकीचं सोपं होतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आपल्याखाली बेसाल्ट आहे, काळा पाषाण. हा खडक स्वतः पाणी फारसं धरत नाही. पाणी मुरतं ते त्याच्या फटींत, भेगांत आणि वरच्या मुरुमाच्या थरात. पावसाळ्यात हे भरतं आणि नंतर झऱ्या-पाझरांनी हळूहळू ओढ्यात उतरतं. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात ओढ्यात दिसणाऱ्या पाण्यात हे झिरपलेलं पाणी सगळ्यात जास्त असतं. साठा लहान, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीपासून तो आटत जातो. म्हणजे पुण्यातला साधा डोंगरओढा एप्रिलमध्ये कोरडा किंवा जेमतेम ओला असायला हवा. बावधनला नदीलगत जो जिवंत झरा आहे, तसे अपवाद थोडेच.

मग एप्रिलच्या दुपारी बाणेरच्या पुलाखालून खळखळ वाहतं ते काय? ते बहुतांशी खडकवासल्याचं पाणी आहे. मुठेच्या खोऱ्यातल्या धरणांतून जलवाहिनीनं निघालं, टाकीत चढलं, कोणाच्या तरी बाथरूममधून आणि मोरीतून गेलं आणि रामनदीत उतरलं. वरच्या गावांत त्याच्या जोडीला बोअर आणि टँकरचं पाणी. म्हणून "नदीला बारमाही पाणी आहे" असं कोणी कौतुकानं सांगितलं तर शहरातल्या ओढ्याच्या बाबतीत सावध व्हा. उन्हाळ्यात वाढलेलं पाणी ही तक्रार आहे.

याचा हिशेब बादलीनं करता येतो. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी मापदंड माणशी रोज १३५ लिटरचा आहे आणि त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे १००० माणसांचं दिवसाचं सांडपाणी १,०८,००० लिटर. दिवसात ८६,४०० सेकंद. भागा: सेकंदाला सव्वा लिटर. भिंतीतून ओढ्यात पडणाऱ्या पाइपाखाली १५ लिटरची बादली काठीला बांधून धरा. १२ सेकंदांत भरली तर त्या पाइपामागे साधारण हजार माणसं आहेत.

एक काळजी घ्या. सांडपाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी सात ते दहा आंघोळी, धुणी, भांडी. तेव्हा प्रवाह सरासरीच्या दोन-तीनपट असू शकतो. त्याच पाइपावर सकाळी, दुपारी आणि रात्री नवाच्या सुमारास असं तीनदा मोजा आणि सरासरी काढा. पहाटे तीनलाही तेवढीच धार चालू असेल, तर सांडपाण्यापेक्षा फुटलेली पाण्याची लाइन किंवा तळघरातून उपसलेलं भूजल असण्याची शक्यता जास्त. मोठ्या टॉवरांच्या पार्किंगच्या तळघरातून असं पाणी रात्रंदिवस पंपानं काढावं लागतं, आणि ते बहुधा स्वच्छ असतं. सगळ्या पाइपांना एकाच काठीनं झोडपू नये.

तिसरी पायरी: जागा निवडा, त्याही जोडीनं

नवखा माणूस पुलावरून मोजतो, कारण तिथे गाडी लावता येते. पूल सोयीचा, पण निवड जमिनीवरून करायची. जिथे जमिनीचा वापर बदलतो, तिथे एक जागा बदलाच्या वर आणि एक खाली. लॉन्सच्या रांगेच्या वर आणि खाली. तलावात पाणी शिरतं तिथे आणि सांडव्याखाली. नाला येऊन मिळतो त्याच्या वर, नाल्यात, आणि पाणी नीट मिसळल्यावर खाली. मिसळायला अंतर लागतं. पाइपाला चिकटून खाली मोजलं तर तुम्ही पाइपच मोजता.

सुरुवातीला सहा जागा पुरे. त्यातली एक अगदी वरची, भुकूमच्या वर डोंगराच्या पायथ्याशी ठेवा. ऑक्टोबरात तिथे जे मिळेल ती तुमची मोजपट्टी. पुस्तकातल्या मापदंडापेक्षा याच ओढ्याचं बिनवस्तीचं पाणी कसं असतं हे जास्त कामाचं.

चौथी पायरी: पिशवी भरा

टीडीएस किंवा कंडक्टिव्हिटी मीटर, साधा थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारं अमोनियाचं किट, जमलं तर विरघळलेल्या प्राणवायूचं म्हणजे डीओचं किट, दोरी आणि लहान बादली, एक लिटरची पारदर्शक बाटली, रबरी हातमोजे, गमबूट, पेन्सिल आणि वही. पेन नको, ओल्या कागदावर पसरतं.

घर सोडायच्या आधी एक काम करा: घरच्या नळाचं आणि सोसायटीच्या बोअरचं टीडीएस मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुण्यात पालिकेच्या नळाचं पाणी मऊ, आकडा बहुधा शंभरच्या आसपास किंवा खालीच. बोअरचा कित्येक पटींनी जास्त. घरात वापर झाला की साबण, मीठ आणि लघवीतले क्षार मिळून त्यात शेकड्यांनी भर पडते. म्हणजे नळावर चालणाऱ्या वस्तीचं सांडपाणी आणि बोअर-टँकरवर चालणाऱ्या टॉवरांचं सांडपाणी यांचे आकडे वेगळे येतात. त्या ४१२ चा अर्थ इथे लागतो. नळाच्या वस्तीखाली ४१२ असेल तर ते जवळजवळ निव्वळ सांडपाणी असू शकतं. वरच्या शेतातल्या विहिरीच्या पाझराखाली ४१२ असेल तर तो खडकाचा गुण असू शकतो.

जोडीनं मोजलंत की टीडीएस मीटर आणखी एक गंमत दाखवतो. समजा, नाल्याच्या वर ओढ्याचा आकडा ३००, नाल्याचा ७००, आणि मिसळल्यावर खाली ४००. खालचा आकडा ३०० पासून ७०० पर्यंतच्या वाटेवर एक चतुर्थांश पुढे गेलाय. म्हणजे आता ओढ्यात वाहणाऱ्या दर चार लिटरांतला एक लिटर त्या नाल्याचा. हजार रुपयांच्या आतल्या यंत्राकडून एवढं मिळालं तर आणखी काय हवं?

पाचवी पायरी: वेळ जुळवा

वर्षातून चार फेऱ्या करा. ऑक्टोबरात, जानेवारीत, एप्रिल-मेमध्ये, आणि चौथी जूनच्या पहिल्या दमदार पावसात. ही चौथी फेरी फक्त पुलावरून, पात्रात उतरून नाही.

पहिल्या पावसाचं पाणी सगळ्यात स्वच्छ असेल असं वाटतं ना? ओढ्याच्या बाबतीत उलटं. आठ महिने रस्त्यावर साठलेलं टायरचं झिजलेलं रबर, ऑइलचे डाग, कुत्र्यांची घाण, बांधकामाची धूळ, गटारात बसलेला गाळ, हे सगळं पहिल्या अर्ध्या तासात धुऊन खाली येतं. डोहात तळाशी बसलेली काळी राबडी ढवळून निघते, पाण्यातला प्राणवायू ती एका दमात खाऊन टाकते, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "नदीत मृत माशांचा खच" अशी बातमी येते. मग लोक कारखाना शोधत फिरतात. कारखाना असेलही, पण आधी ही साधी शक्यता तपासा.

इथे जमिनीचा दुसरा हिशेब येतो. एका हेक्टरवर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर पाणी, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. गवताळ उतारावर यातला मोठा भाग मुरतो आणि उरलेला रेंगाळत येतो. तोच हेक्टर छप्पर, पेव्हर ब्लॉक आणि डांबरानं झाकला की अठराएक टँकर पावसाळी गटारातून लगेच ओढ्यात. पाणी वाढलं, वेग वाढला, काठ खरवडले, गाळ वाढला. आणि जे पाणी मुरून जानेवारीत ओढ्याला मिळायचं ते जूनमध्येच निघून गेलं. पूर आणि उन्हाळ्यातली घाण हे वेगवेगळे प्रश्न नाहीत, दोन्ही एकाच झाकलेल्या जमिनीतून येतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला आलेल्या पुरानं काय केलं ते पुणेकरांना सांगायला नको.

अमेरिकेतल्या अभ्यासांतून असं मांडलं गेलं, की पाणलोटाची साधारण १० टक्के जमीन अशी अभेद्य झाली की ओढ्याचं बिघडणं दिसायला लागतं, आणि २५ टक्क्यांपुढे तो पार हातचा जातो. हे आकडे लक्षात ठेवा, पण आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. तिथे मैलापाणी बहुतांशी वेगळ्या पाइपात असतं असं गृहीत आहे. आपल्याकडे पाच टक्के जमीन झाकली आणि ड्रेनेजची सोय नसली, तरी एक गृहप्रकल्प ओढा संपवायला पुरतो. माझ्या मते पुण्यात किती काँक्रीट ओतलं यापेक्षा पाइप कुठे संपतो हा प्रश्न आधी विचारावा.

सहावी पायरी: डोळे आणि नाक

यंत्रं पिशवीतच राहू द्या. पाच मिनिटं काठावर नुसते उभे राहा.

काळं पाणी आणि सडक्या अंड्याचा वास: पाण्यातला प्राणवायू संपलाय, तळाशी गंधक आणि लोहाचा काळा साका झालाय. राखाडी, भांडी धुतल्यासारखं: ताजं सांडपाणी, पाइप जवळच आहे. दगडांवर आणि काठाला कापसासारखे राखाडी झुपके लोंबत असतील तर तेही सांडपाण्यावर पोसलेल्या जिवाणूंचे, म्हणजे पुरवठा रोजचा आहे. दुधासारखं पांढरं: आरएमसी प्लँटचं किंवा ट्रान्झिट मिक्सर धुतलेलं पाणी, नाहीतर फरशी कापण्याची पावडर. लगेच पीएचची पट्टी बुडवा. सिमेंटचं पाणी असेल तर आकडा ११ च्या पुढेही जातो, आणि ते हाताला लावायचं नाही. लालसर चहासारखं: वर कुठेतरी डोंगर किंवा प्लॉट खोदलाय. पावसाळ्यात हा रंग धरून वर चालत गेलात तर बहुतेक वेळा पोकलेन दिसतो.

पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला की सगळे "ऑइल!" म्हणून ओरडतात. काडी घ्या आणि तवंगात ओढा. काचेसारखा तडकून तुकडे झाले तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा पापुद्रा, निरुपद्रवी. काडीमागून परत मिसळून एक झाला तर तेल. मग वर वॉशिंग सेंटर किंवा गॅरेज शोधा.

फेस बंधाऱ्याखाली नेहमीच दिसतो. पांढरा, साबणाचा वास असलेला आणि सकाळी आठ-नऊला वाढणारा फेस आपल्या घरातला. तपकिरी, थोडासा आणि मातकट वासाचा फेस कुजलेल्या पाल्याचाही असतो.

हिरवं पाणी नवख्यांना सगळ्यात जास्त फसवतं. मलाही फसवलं. एका तलावाच्या काठी दुपारी तीन वाजता मी डीओ मोजला आणि आकडा इतका भरघोस आला, की मी घरी येऊन "पाणी सुधारतंय" असं उत्साहानं लिहून टाकलं. एका निवृत्त प्राध्यापिका बाईंनी फोन केला. म्हणाल्या, "उद्या सूर्य उगवायच्या आधी जा, आणि मग सांग." गेलो. जवळजवळ शून्य. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री सगळ्यांबरोबर तेही श्वास घेतं. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या पुण्यात २५ अंश तापमानाचं पाणी हवेतून लिटरला पावणेआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू धरू शकतं. दुपारी याहून कितीतरी जास्त आला, तर पाण्यात खताचा, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरसचा, पूर आलाय असं समजा. डीओ पहाटेचाच खरा.

सातवी पायरी: दगड उलटा

खडकाळ, वाहत्या जागी हातमोजा घालून दहा दगड उलटा. वरच्या टप्प्यात, ऑक्टोबरात, खाली तीन शेपट्यांच्या चपट्या अळ्या आणि वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाणी चांगलं. यांना प्राणवायू सतत लागतो, एका वाईट रात्रीत त्या मरतात. चतुराच्या अळ्या, गोगलगाई, खेकडे असले तर मध्यम. आणि चिखलात लालभडक वळवळणाऱ्या अळ्या असतील तर ओढा पुढच्या अवस्थेत आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्यासारखाच. जिथे प्राणवायू नाममात्र, तिथे तो पकडून ठेवायला.

गप्पी मासे दिसले म्हणून खूष होऊ नका. ते डासांसाठी सोडलेले असतात आणि पृष्ठभागालगतच्या पातळ थरातल्या हवेवर तग धरतात. गप्पी आहेत म्हणजे पाणी विषारी नाही, एवढंच.

मीटर त्या मिनिटाचं सांगतो, दगडाखालचे जीव गेल्या काही आठवड्यांचं सांगतात. रात्री दोन वाजता सेप्टिक टँक उपसणारा टँकर येऊन रिकामा झाला असेल तर तो तुमच्या मीटरला सापडणार नाही, पण त्या अळ्यांना सापडलेला असतो.

आठवी पायरी: आता मोजा, पण अर्थ लावताना घाई नको

क्रम ठेवा: तापमान, पीएच, टीडीएस, डीओ, मग अमोनिया. तापमान लोक टाळतात, पण ते फुकटचं शहाणपण आहे. झाडीतून येणारा ओढा दोन्ही बाजूंनी भिंती घालून, तळ काँक्रीट करून उघडा पाडला की दुपारी पाणी चांगलंच तापतं, आणि तापलेलं पाणी प्राणवायू कमी धरतं. नालेदुरुस्तीच्या नावाखाली बांधलेल्या भिंतीचा हा परिणाम थर्मामीटरवर दिसतो.

नायट्रेटच्या पट्ट्या घेतल्यात तर एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. काळ्या, कुजक्या पाण्यात नायट्रेट बहुधा शून्य येतं. तिथे प्राणवायूच नसतो, म्हणून नायट्रोजन अमोनियाच्या रूपात अडकून बसतो. भूगावच्या वरच्या शेताखाली नायट्रेट दिसेल आणि खाली गटारासारख्या पट्ट्यात दिसणार नाही, आणि तुम्ही म्हणाल शेतकरीच प्रदूषण करतो. दोन्ही मोजा, नाहीतर एकही मोजू नका.

जंतूंसाठी मिळणारी एचटूएसची बाटली (मैल्यातले जंतू असले की आतलं पाणी काळं पडतं) झऱ्यावर आणि विहिरीवर वापरा. शहरातल्या ओढ्याचं पाणी घातलं तर ती काळी पडणारच, पैसे वाया. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचा आकडा, हवा असेल तर प्रयोगशाळेकडूनच करून घ्या. बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. तुलनेसाठी: आंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅम किंवा कमी, डीओ ५ किंवा जास्त आणि पीएच ६.५ ते ८.५ अशी सरकारी मर्यादा आहे. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी दोनशेच्या आसपास असतो. म्हणजे एक बादली मैलापाण्याला आंघोळीच्या लायक व्हायला साठसत्तर बादल्या स्वच्छ पाणी मिळावं लागेल. एप्रिलमध्ये रामनदीकडे एक बादलीसुद्धा सुटी नसते.

तलावाबद्दल थोडं. पाषाण तलावासारखा तलाव वरून येणारा गाळ आणि घाण थोपवतो, म्हणून सांडव्याखालचं पाणी वरच्यापेक्षा नितळ दिसू शकतं. पण खत तळाच्या गाळात साठतं आणि उन्हाळ्यात परत वर येतं, मग जलपर्णी. ती काढून काठावरच ढीग लावून ठेवली की तिथे कुजून सगळं पुन्हा तलावात. काढलेली जलपर्णी कुठे नेली हा प्रश्न जरूर विचारा.

नववी पायरी: चेंबर बघा

हे कुठल्याही परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही. आपल्याकडे मैलापाण्याच्या मोठ्या लाइन बऱ्याचदा ओढ्याच्या पात्रातूनच टाकलेल्या असतात, कारण उतार आयता मिळतो. पात्रात मधेच उभे असलेले काँक्रीटचे गोल रांजण दिसतात ना, ते त्या लाइनचे चेंबर. लाइन तुंबली की मैला तिथून वर येतो. कोरड्या दिवशी चेंबरच्या तोंडाभोवती ओला काळा पट्टा, सरकलेलं झाकण, कडेला अडकलेले केस आणि चिंध्या दिसल्या, की ते चेंबर अलीकडेच उफाळलेलं आहे. पावसात झाकण उडालेलं असेल तर उलटं होतं: ओढ्याचं पाणी लाइनीत शिरतं आणि पुढे मैलाशुद्धीकरण केंद्र बुडतं.

प्रत्येक चेंबरचा फोटो, जागा आणि तारीख. सुधारायला सगळ्यात सोपं प्रदूषण हेच आहे, कारण इथे पाइप आहे, केंद्र आहे, फक्त मधला बूच काढायचा आहे.

जिवाची काळजी

एकटे जाऊ नका. पायाला किंवा हाताला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि तो जखमेतून शिरतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. भिंतीच्या आतल्या पट्ट्यात असताना भुकूमच्या डोंगरावर आभाळ काळं दिसलं की लगेच बाहेर, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. आणि कोणाच्या पाइपाजवळ उभं राहून मोठमोठ्यानं आरोप करू नका. वॉचमन दादांशी आधी दोन शब्द बोला. कोणता टँकर कधी येतो हे त्यांना माहीत असतं.

शेवटची पायरी: कोणाकडे न्यायचं

पालिकेच्या हद्दीत असेल तर क्षेत्रीय कार्यालय आणि मलनिस्सारण विभाग. वर असेल तर ग्रामपंचायत आणि पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. कारखाना किंवा मोठ्या प्रकल्पाचा एसटीपी (स्वतःचं मैलाशुद्धीकरण केंद्र) असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. पहिल्या पायरीतली हद्दीची रेघ इथे कामाला येते. "नदी प्रदूषित आहे" असा अर्ज फाइलला लागतो. "अमुक पुलाच्या वर ४० मीटर, डाव्या काठाला, नऊ इंची पाइप, तीन वेळा मोजलेली सरासरी सेकंदाला दीड लिटर, हे फोटो" असा अर्ज आला की ज्युनियर इंजिनियरला निदान तिथे यावं लागतं. एकट्यानं कंटाळा येत असेल तर 'जीवितनदी'सारख्या गटाबरोबर एखाद्या रविवारी जा. राम-मुळा संगमावर त्यांनी बरंच काम केलंय आणि नवख्यांना ते हाकलून देत नाहीत.

घरी आल्यावर मीटरची टोकं नळाखाली धुवा, पुसा, टोपण लावा आणि मीटर ओढ्याच्या पिशवीतच ठेवा. स्वयंपाकघराच्या ओट्यावर विसरू नका. माझा पहिला मीटर घरच्यांनी आधी माठात, मग आरओच्या पाण्यात आणि शेवटी उत्सुकता न आवरून ताकात बुडवून बघितला होता.